कडेला भोक असलेली चकती

चोपडे, पेडणे
१८ जून २०२५

गोकुळदासबाब यांस कृष्णनाथचा नमस्कार.

फार उशिरा लिहितोय, माफ करा. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्याचं शिमग्याआधीच कानावर आलं होतं, तरी चार ओळींनी विचारपूस केली नाही. तुम्ही म्हणाल, हा बार्जवरचा ऑईलमन, सुर्ल्याच्या जेटीवर माझ्या डब्यातली पेज जेवलेला माणूस, आणि एवढा माज. माज नव्हे. लिहायला बसलो की पहिली ओळ विशालचीच येते आणि हात थांबतो.

पोर घरात नाही. शिमगा आटोपला आणि एका सकाळी तो गेला. मोबाईल इथेच ठेवून गेला, म्हणजे आम्ही फोन करू नये. पोलिसांत सांगितलं. ते म्हणाले, मोठा माणूस आहे, आपणहून गेलाय, आपणहून येईल.

तुम्हांला सगळं ठाऊक नसेल म्हणून लिहितो. तो तुयेच्या एका कारखान्यात फिटर होता. गेल्या वर्षी त्याचा उजवा हात प्रेसमध्ये सापडला. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली. मग कारखान्याने त्याला गेटवर बसवलं, येणाऱ्या ट्रकांचे नंबर लिहायला. डाव्या हाताने लिहायचा, पोरं हसायची. ठरलेली सोयरीक मोडली. पुढे तो गेटवरही जाईना. दारापुढच्या बाल्कांवात बसून रस्त्याकडे बघत राही. मी काही बोललो की उठून आत जाई, आणि मला गप्प राहता येत नाही हे तुम्ही जाणताच.

आता कामाचं. हात गेला त्याच्या आधीपासून तो परसातल्या अवजारांच्या मांगरात आगगाडीचं लहान इंजिन करत होता. खेळणं नव्हे. गुडघ्याएवढं उंच, खरोखर वाफेवर चालणारं, मागे डबा जोडून मोठा माणूस बसला तरी ओढील असं. सांगाडा झालाय, चाकं झालीत, तांब्याचा बॉयलरही झालाय. पितळेचे आणि गनमेटलचे भाग राहिलेत: आसाचे बुश, सिलिंडरची झाकणं, एक चकती, शिट्टी. सगळ्यांची चित्रं त्याने कागदावर काढून ठेवलीत. ती सोबत पाठवतोय. बार्जचे बुश तुम्ही ओतून द्यायचात तसे हेही द्या.

का, ते सांगतो. गणेश चवथीला तो येईल. आपल्याकडे परमुलखात गेलेला माणूसही चवथीला घर गाठतो. तो आला आणि मांगरात इंजिन तसंच अर्धं पडलेलं दिसलं, तर पायरीवरूनच मागे फिरेल. पुरं झालेलं दिसलं तर थांबेल. वेडेपणा म्हणा. मला दुसरं काही करता येत नाही. त्याची आई देवकी, तिला हे पटत नाही. ती म्हणते, "पोर खंय असा तां बघा, तां लोखंड कित्याक बघतास?"

एक लक्षात ठेवा. शेवटच्या कागदावर जी चकती आहे तिचं भोक एका कडेला सरकलंय. तो कागद त्याने हात गेल्यावर डाव्या हाताने काढला, रेघा थरथरल्यात. तुम्ही भोक बरोबर मधोमध घ्या.

फोन करा म्हणू नका. बार्जच्या इंजिनापाशी एक कान गेला. दुसऱ्याने अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने वाईटच भरतो. पत्र आणि गाठोडं म्हापशाहून डिचोलीला येणाऱ्या बसच्या कंडक्टरकडे देतोय. त्याच्याच हाती उत्तर पाठवा.

तुमचा
कृष्णनाथ


डिचोली
२७ जून २०२५

कृष्णनाथभाऊ,

मला अक्षर दिसत नाही. मी सांगतो आणि सून समीक्षा लिहिते.

माज तुमचा बार्जवर होता तेव्हाही आम्ही सोसला. आता कशाला माफी मागता? कागद मिळाले. काम करू. समईसारखंच आहे, आधी मेणाचा नमुना, वर माती, मग आग. फरक एवढाच की समई थोडी वाकडी झाली तरी देव रागावत नाही.

माझ्याकडे एक नवा कारागीर आहे. ओतकाम मी करतो, लेथ आणि कानस त्याची. मशीनचं त्याला कळतं. तुमचे कागद बघून कुठला भाग आधी करायचा ते त्यानेच सांगितलं. भोकाचं तुम्ही लिहिलंत ते मी त्याला बोललो. "बघूया" म्हणाला.

विशाल सुखरूप असेल. जिवाला खाऊ नका. वहिनींनाही सांगा.

गोकुळदास


चोपडे
१४ जुलै २०२५

गोकुळदासबाब,

बुश आणि झाकणं पोचली. पोच द्यायला वेळ झाला, रागावू नका. मोरजीच्या किनाऱ्याला एक मढं लागलं होतं. तिशीतला माणूस, तोंड ओळखण्यासारखं राहिलं नव्हतं. हवालदार बोलवायला आला. देवकीला न सांगता गेलो. मी तोंडाकडे बघितलंच नाही, आधी उजवा हात बघितला. पाची बोटं होती. तिथेच वाळूत बसलो आणि हसलो. हवालदार माझ्याकडे बघत राहिला. कुणाचं तरी पोर मेलं होतं आणि मी हसलो. तेव्हापासून झोप नाही.

तुम्ही लिहिता, सुखरूप असेल. तुम्हांला लिहायला काय जातं? शिवोलीच्या पुलावर उभं राहून खाली बघा, मग लिहा. मी रोज पुलापर्यंत जाऊन येतो. येताना पाववाल्याकडे दोन उंडे घेतो, म्हणजे कुणी विचारलं तर पावाला गेलो होतो म्हणता येतं.

सातेरीच्या देवळात कौल लावला. उजवी पाकळी पडली. पुजारी म्हणाला, आहे, उगवतीच्या बाजूला आहे. उगवतीला म्हणजे घाटावर, असं धरून चुलतभावाला बेळगावला पाठवलं. तो स्टँडवर फोटो दाखवत फिरला आणि कुंदा घेऊन परत आला.

आता तुमच्या कामाबद्दल. बुश बसले, पण कसे? एक बुश आत जाईना. मी मांगरात बसून घासला तेव्हा गेला. झाकणाच्या कडेला कानशीचे ओरखडे तसेच राहिलेत. आणि ओरखडे उलट्या बाजूला कललेत. डावखुरा धरून आणलाय की काय? डावखुऱ्याने समया घासाव्या, तेलाखाली कोण बघतो? हे इंजिन आहे. वाफ फटीतून निघून गेली तर सगळं फुकट. विशालचं काम कसं होतं माहीत आहे ना? बुश आसावर सरकवला की आतली हवा हळूच बाहेर यायची, तसा बसायचा. त्याच्या इंजिनाला असलं काम लागलेलं बघितलं तर तो काय म्हणेल?

चवथ जवळ येतेय. घाई करा, पण नीट करा.

कृष्णनाथ


डिचोली
२३ जुलै २०२५

कृष्णनाथभाऊ,

मोरजीचं वाचलं. वाचून झाल्यावर त्या दिवशी भट्टी लवकर विझवली.

बुश आत गेला नाही कारण आम्ही थोडा धातू जास्त ठेवतो. ज्याच्या आसावर बसायचा त्याने शेवटचं घासून बसवायचा, हीच रीत. बार्जवर तुम्ही स्वतः तेच करायचात, विसरलात काय? कमी झालेला धातू परत वाढवता येत नाही.

कारागीर डावखुरा आहे, खरं आहे. पण मन लावून करतो. जेवायला हाक मारली तरी उठत नाही. एक विनंती आहे. तुमची पत्रं समीक्षा भट्टीपाशी वाचून दाखवते, तिथे सगळे ऐकतात. डावखुऱ्याबद्दलचे चार शब्द तिने गाळले आणि मला नंतर सांगितले. पुढे जरा जपून लिहा.

चकती पाठवतोय. मग फक्त शिट्टी राहील.

पुजाऱ्याने उगवतीला सांगितलं ना? मग देवाचं ऐका. बेळगावपर्यंत कशाला जाता?

गोकुळदास


चोपडे
९ ऑगस्ट २०२५

गोकुळदासबाब,

चकती परत पाठवतोय. सोबत बांधली आहे, बघून घ्या.

पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, भोक मधोमध घ्या. तुमच्या कारागिराने चित्रातल्यासारखंच कडेला घेतलंय. पोराचा हात थरथरला म्हणून रेघ सरकली, एवढंही त्याला समजू नये? ही चकती आसावर चढवली तर चाकाबरोबर लंगड्या माणसासारखी हेलकावे खाईल. मी चढवून बघितलीही नाही.

जपून लिहा म्हणता. कशाला जपू? समीक्षाला सांगा, एक शब्द गाळू नको. मोठ्याने वाच, त्याला ऐकू दे. ज्याचा हात चालत नाही त्याने दुसऱ्याच्या कामाची माती करू नये. असल्या माणसाला गेटवर बसवा, येणारी-जाणारी गिऱ्हाइकं मोजायला. तेवढं जमेल त्याला.

माझं पोर या इंजिनापायी रात्रंदिवस मांगरात राहायचं, आणि त्याचं काम मी कुणाच्या हातात दिलं?

तुम्ही तुमच्या डोळ्यांनी बघू शकत नाही हे मला कळतं, तुमच्यावर राग नाही. पण चवथ तोंडावर आली. गणपतीच्या डोक्यावर फळं टांगायच्या माटोळीचं लाकूड धुऊन ठेवलंय. देवकी रंगाऱ्याला बोलवू देत नाही. म्हणते, भिंतीला रंग विशाल येऊन काढील, दरवर्षी तोच काढतो. मी तिला काय सांगू? दुसऱ्या कुणाकडून चकती करून घ्या. मधोमध.

कृष्णनाथ


डिचोली
१५ ऑगस्ट २०२५

कृष्णनाथभाऊ,

हे मी स्वतः लिहितोय. अक्षर वाकडं, ओळीवर ओळ चढली असेल. लागेल तसं वाचून घ्या.

कारागीर विशाल होता.

शिमगा झाल्यावर तो माझ्या दारात आला. लहानपणी तुमच्याबरोबर बुश न्यायला यायचा, ते घर त्याला आठवलं. म्हणाला, "काका, हात एकच असा. काय तरी काम दिया." आत घेण्याआधी त्याने देवीसमोर नारळ ठेवून त्याच्यावर माझा हात ठेवून घेतला. घरी कळवायचं नाही. मी शब्द दिला आणि तुम्हांला आडून आडून सांगत राहिलो. उगवतीला तर डिचोलीही आहे, तुम्ही बेळगाव गाठलंत. आज तो शब्द मोडतोय. देवीकडे मी बघून घेईन.

तुमचं पहिलं गाठोडं त्यानेच सोडलं. स्वतःचे कागद बघितले, पालथे घातले आणि भट्टीला कोळसा घालायला गेला. दुसऱ्या दिवशी न सांगता मेण मळायला बसला. डाव्या हाताने कानस धरायची, उजव्या मनगटाने दाबायची. सगळे भाग त्याने केले. पहिली दोन झाकणं बिघडली, ती वितळवली.

मोरजीचं पत्र वाचलं तेव्हा तो मागच्या दाराने बाहेर गेला. मी म्हटलं, आजच्या आज घरी जा. म्हणाला, "चवथीक जातंय. शिट्टी करून घेऊन जातंय. बाबांसमोर आपल्या हातान वाजयन, मग सांगन कोणी केलां तां."

तुमचं शेवटचं पत्र आलं तेव्हा समीक्षा माहेरी गेली होती. माझे हात मातीत. मी त्याला म्हटलं, तूच वाच. तुम्ही लिहिलं होतं एक शब्द गाळू नको, त्याने गाळला नाही. शेवटपर्यंत वाचलं, आवाजसुद्धा चढला नाही. पत्र घडी करून माझ्या खिशात घातलं. मग चकती माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "ह्यां मधी घेतलां तर इंजिन हालाचां नाय. बाबांक सांगा."

भोक कडेलाच लागतं, भाऊ. त्याने मला समजावलं ते लिहितो. चकती आसावर वाकडी फिरते, म्हणूनच तिला धरलेला दांडा पुढे-मागे होतो. त्या दांड्याने वाफेचं दार उघडतं आणि मिटतं. मधोमध भोक असलेली चकती नुसती गरगर फिरेल, दांडा जागचा हलणार नाही. तो कागद त्याने बरोबर काढला होता. बार्जच्या डिझेल इंजिनावर असली गोष्ट तुम्ही बघितली नाहीत, मीही नाही.

सकाळी खाट रिकामी होती. हत्यारं जागेवर लावलेली. शिट्टी अर्धी घासून झाली होती, ती नाही. ती बरोबर घेऊन गेलाय. एवढीच आशा धरली आहे.

मी साखळीपासून सुर्ल्यापर्यंत माणसं पाठवलीत. समीक्षाला बोलावून घेतलंय. तुमचं ते पत्र मला जवळ ठेववत नाही, सोबत देतोय. चकती परत पाठवतोय. कुठे चूक झाली म्हणाल तर पत्र त्याच्या हातात देणारा मी.

गोकुळदास


चोपडे
२१ ऑगस्ट २०२५

गोकुळदासबाब,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा देवकीला वाचून दाखवावं लागलं. मग तुम्ही परत दिलेलं माझं पत्रही तिने वाचायला लावलं. गेटवर बसवा, या शब्दांपाशी मी थांबलो. ती म्हणाली, "वाचा. तेणी वाचलां मां?" मी वाचलं. मग ती उठून जनेलापाशी गेली आणि माझ्याकडे पाठ करून खिडकीबाहेर बघत उभी राहिली.

गेट हा शब्द माझ्या हातून कसा गेला मला कळत नाही. दुसरे शंभर शब्द होते.

पुलावर जाऊन आलो. मोरजीला जाऊन आलो, हवालदाराला सांगून आलो. पेडण्याच्या रेल्वे स्टेशनावर बाकांच्या खाली वाकून बघितलं. त्या दिवशी मढ्याचा हात बघून मी हसलो होतो. ते देवाच्या लक्षात राहिलं असेल, असं वाटत राहतं. देवकीला हे सांगितलं नाही.

परवा चकती बसवली. भोकात आस जाईना. तुम्ही लिहिलेली रीत आठवली. कानस घेतली. आधी त्याचे ओरखडे बघितले, ते ज्या बाजूला कललेत त्याच बाजूने घासायला गेलो. माझ्या उजव्या हाताला तो कल जमेना. शेवटी कानस डाव्या हातात घेतली. दहा वेळा सटकली, बोट कापलं. किती कठीण आहे ते मला माहीत नव्हतं. मग हळूहळू जमलं, आणि चकती आसावर चढली. चढताना आतली हवा हळूच बाहेर आली.

दांडा जोडला, तेल घातलं. चाक हाताने फिरवलं. चकती हेलकावे खात फिरली, तुम्ही लिहिलंत तशीच, आणि दांडा पुढे गेला, मागे आला. वाफेचं दार उघडलं, मिटलं. मी फिरवतच राहिलो. मागे देवकी कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. इतक्या दिवसांत ती मांगरात आली नव्हती. म्हणाली, "परत फिरवा." मी फिरवलं. मग तिने मला बाजूला केलं आणि खाली बसून स्वतः फिरवलं.

आता एक शिट्टी तेवढी बाकी आहे. ती बसायची जागा बॉयलरवर मी कापडाच्या बोळ्याने बंद केली आहे, आत माती जाऊ नये म्हणून. दुसऱ्या कुणाची शिट्टी तिथे लावणार नाही. दुसऱ्या कुणाकडून करू नका.

पुढच्या बुधवारी चवथ. माटोळी बांधली. नारळ, सुपारीचे घोस, तोरिंगण, सगळं मिळालं. भिंतीला रंग लावलेला नाही, तशीच ठेवली आहे.

तुमची चूक नाही. पण तुमच्याकडे मागणं आहे. तो परत तुमच्याच दारात येईल, असं मन सांगतं. इकडे यायला त्याला आता कोणतं तोंड मी ठेवलं आहे? आला तर त्याला प्रश्न विचारू नका. जेवायला घाला. मग हे पत्र त्याच्या हातात द्या आणि सांगा, डोळ्यांनी दिसत नाही, तूच वाच. ते पत्र त्याने तुम्हांला वाचून दाखवलं, तसं हेही त्यानेच वाचायचं. पुढच्या दोन ओळी त्याच्यासाठी आहेत, त्या त्याने मोठ्याने वाचाव्या, म्हणजे भट्टीवर ज्यांनी आधीचं ऐकलं त्यांनाही ऐकू जाईल.

विशाल, चकती बरोबर आहे. तू काढलेला कागद बरोबर होता आणि मी वाचायला चुकलो.

शिट्टी झाली नसेल तर तशीच घेऊन ये. नसेल आणायची तर नको आणू, तू ये.

गोकुळदासबाब, बसचा कंडक्टर म्हापशाला उतरतो तिथे मी रोज सकाळी उभा असतो. गाठोडं नसलं, पत्र नसलं, नुसता तोंडी निरोप असला तरी चालेल. तो आला, एवढे दोन शब्द. आला नसेल तर नाही आला म्हणून तरी सांगा. पण लवकर सांगा.

कृष्णनाथ